बाहेर पडताना मागे कोण राहतं?



*बऱ्हाणपूर कुटुंब गटांसाठी अभ्यासपाठ*



गेल्या पंधरवड्यात एकच प्रश्न तीन घरांतून तीन तऱ्हेनं आला. एका ताईंचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. लागताना दोन वर्षं सोडणार नाही असं लिहून दिलंय, आणि दीड वर्षातच दुसरी कंपनी दुप्पट पगार द्यायला तयार आहे. एका दादांनी केळीच्या बागेचा सौदा तोंडी पक्का केला आणि चार दिवसांत मंडीत भाव चढला. तिसऱ्या घरी पावरलूम आहे. त्यांच्याकडून उचल घेतलेला कारागीर दुसऱ्याच्या लूमवर जाऊन बसला. तिघांनी विचारलं ते असं: पुढं जायची इच्छा धरणं चूक आहे का? आणि चूक नसेल, तर मग दिलेल्या शब्दाचं काय करायचं?

या वेळचा पाठ मुद्दाम अशा ठिकाणाहून घेतलाय जिथं आपल्यापैकी कुणी फारसं जात नाही. मोटारींच्या शर्यती. आजी-आजोबांनो, लगेच पुढं सरकवू नका, घरातला नातू समजावून सांगेल. तिथं महत्त्वाकांक्षा उघडी असते, कुणी लपवत नाही. आणि करारही उघडे पडतात, कारण भांडण झालं की कोर्टात जातं आणि वर्तमानपत्रात छापून येतं. आपल्या घरातली भांडणं झाकली जातात, म्हणून त्यांच्यावरून शिकणं अवघड.

*आधी थोडी माहिती*

फॉर्म्युला वन ही जगातली सगळ्यात वरची शर्यत. २०२५ सालापर्यंत तिच्यात दहा संघ होते, प्रत्येकाच्या दोन गाड्या. म्हणजे सगळ्या पृथ्वीवर मिळून खुर्च्या वीस. सात-आठ वर्षांची पोरं छोट्या गाड्या, ज्यांना कार्ट म्हणतात, त्या चालवायला लागतात, तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांसमोर या मोजक्या खुर्च्या असतात. आईबाप घर गहाण टाकतात. एखादा संघ पोरात गुण बघून त्याच्यावर वर्षानुवर्षं पैसा लावतो आणि बदल्यात सही घेतो.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर कोइमतूरचे नारायण कार्तिकेयन. २०११ साली हिस्पानिया नावाच्या संघात त्यांना खुर्ची मिळाली होती. वर्षाच्या मध्यावर संघानं ती डॅनियल रिकार्डो या ऑस्ट्रेलियन मुलाला दिली. ऑक्टोबरात दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, त्या दिवसापुरतं नारायणना पुन्हा बसवलं. इतकी ती खुर्ची हलती असते. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

*बेल्जियम ते इटली, दोन आठवडे*

१९९१ चा ऑगस्ट. एडी जॉर्डन नावाच्या आयरिश माणसानं त्याच वर्षी आपला संघ फॉर्म्युला वनमध्ये उतरवला होता. त्याचा एक चालक लंडनमध्ये तुरुंगात गेला आणि एक जागा अचानक रिकामी झाली. बावीस वर्षांचा एक जर्मन मुलगा पुढं आला, गवंडीकाम करणाऱ्या बापाचा. पैसे मर्सिडीज कंपनीनं भरले. मुलाला बेल्जियमचा स्पा हा रस्ता चांगला माहीत आहे असं त्याच्या व्यवस्थापकानं ठोकून सांगितलं. खरं तर तो तिथं कधी शर्यत पळालाच नव्हता. (म्हणजे या गोष्टीची सुरुवातच थापेनं झाली, हे बालसाधकांनी नोंदवून घ्यावं.)

पात्रता फेरीत तो सातवा आला. सगळे थक्क झाले. शर्यतीत सुरू होताच क्लच गेला आणि तो काही अंतरातच थांबला, पण ज्यांना दिसायचं त्यांना दिसलं होतं. दोन आठवड्यांनी इटलीत मोंझाला पुढची शर्यत होती. तिथं तो मुलगा जॉर्डनच्या नाही, बेनेटन संघाच्या गाडीत बसलेला होता.

जॉर्डननं त्याच्याकडून आधी पत्रावर सही घेतली होती की पुढचा करार करीन. असं सांगतात की त्या पत्रात मूळ मजकूर ‘तो करार’ करीन असा होता, आणि मुलाच्या बाजूच्या लोकांनी सहीच्या वेळी तो बदलून ‘एखादा करार’ असा केला. एका बारक्या शब्दाचा फेर. ‘तो’ म्हटलं की समोर ठेवलेला कागद, ‘एखादा’ म्हटलं की कुठलाही. जॉर्डन लंडनच्या कोर्टात गेले आणि रिकाम्या हातानं परतले.

मुलाचं नाव मायकेल शूमाकर. पुढं तो सात वेळा जगज्जेता झाला.

इथं आपली पंचाईत होते, आणि ती कबूल करायला हवी. कीर्तनात आपण ऐकतो की शब्द मोडणाऱ्याचं वाटोळं होतं. या पोराचं तर सोनं झालं. ‘बघा, शब्द मोडूनच मोठा झाला,’ असं कुणी तरुण म्हणाला तर त्याला गप्प बसवून उपयोग नाही, कारण वरवर तो खरं बोलतोय. फळावरून कर्म ओळखायला गेलं की अशीच फसगत होते. म्हणून फळ जरा बाजूला ठेवू आणि त्या गाडीत शूमाकरच्या आधी कोण बसत होतं ते बघू.

रॉबर्टो मोरेनो. ब्राझीलचा, बत्तीस वर्षांचा. उमेदीची कितीतरी वर्षं रडतखडत चालणाऱ्या संघांत काढून शेवटी बेनेटनची चांगली खुर्ची मिळालेली. ज्या स्पाच्या शर्यतीत शूमाकर पहिल्याच फेरीत थांबला, त्याच शर्यतीत मोरेनो चौथा आला आणि सगळ्या दिवसातली सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच होती. त्याला काढलं. त्याचाही करार होताच. तो मिलानच्या कोर्टात गेला, कोर्टानं त्याची बाजू उचलून धरली, मग रातोरात तडजोड झाली, पैसे देऊन त्याला बाजूला केलं गेलं. मोंझाला तो शूमाकरनं सोडलेल्या जॉर्डनच्या गाडीत बसला. तशी चांगली गाडी त्याला पुन्हा लाभली नाही.

शूमाकरनं मोरेनोला काही केलं नव्हतं. कदाचित त्याच्या मनातही तो आला नसेल. ठरवणारे मोठे लोक होते, मुलगा बावीसचा होता. पण करार मोडताना आपण नेहमी दोनच माणसं मोजतो, मी आणि मालक. तिसरा कुणीतरी असतो, त्याचं नाव कागदावर नसतं, आणि भरपाई त्याच्या वाट्याला येईलच असं नाही. ही कथा शूमाकरच्या नावानं सांगितली जाते. आपण ती मोरेनोच्या नावानं लक्षात ठेवावी.

या गोंधळानंतर फॉर्म्युला वनवाल्यांनी स्वित्झर्लंडमध्ये एक मंडळ नेमलं. संघानं चालकाशी केलेला करार तिथं नोंदवायचा, आणि एकाच चालकावर दोन संघांनी हक्क सांगितला तर मंडळावरचे वकील निकाल देणार.

*ज्यानं आपल्या सहीची किंमत भरली*

त्या मंडळासमोर २००४ साली जेन्सन बटन या इंग्रज चालकाचं प्रकरण आलं. तो बीएआर संघात होता. त्याला विल्यम्स हा जुना, नावाजलेला संघ हवा होता, ऑगस्टमध्ये जाहीरही करून टाकलं. बीएआर म्हणाले, आमचा हक्क अजून शिल्लक आहे. ऑक्टोबरात निकाल लागला, बटनला बीएआरमध्येच राहावं लागलं.

राहिला. मग त्यानं विल्यम्सशी २००६ सालासाठी पक्का करार केला. आणि २००५ मध्ये वारं फिरलं. विल्यम्सची बीएमडब्ल्यूशी असलेली साथ सुटत होती, इकडे बीएआर संघ होंडा कंपनी पूर्ण विकत घेत होती. आता बटनला राहायचं होतं! लोकांनी यथेच्छ हसून घेतलं. विल्यम्सनी मात्र कागद पुढं केला, आणि कागद पक्का होता.

या वेळी बटननं पळवाट शोधली नाही. सही माझी, तर किंमतही माझी, असं धरून त्यानं बसून हिशेब मिटवला, मोठी रक्कम भरली आणि सुटका विकत घेतली. ती किती याचे आकडे वेगवेगळे छापून आले, आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. पुढच्याच वर्षी हंगेरीत त्यानं पहिली शर्यत जिंकली. २००९ मध्ये तोच संघ ब्रॉन या नव्या नावानं उतरला आणि बटन त्यात जगज्जेता झाला. पण फळ बाजूला ठेवायचं आत्ताच ठरलंय, तेव्हा तेही सोडा. त्याचं वागणं बघा. इच्छा बदलली हे त्यानं लपवलं नाही, आणि इच्छा बदलल्याचा खर्च दुसऱ्याच्या गळ्यात मारला नाही.

दरवेळी चूक मुलाचीच असते असंही नाही. २०२२ च्या २ ऑगस्टला अल्पाइन संघानं ऑस्कर पियास्त्री या ऑस्ट्रेलियन मुलाचं नाव पुढच्या वर्षासाठी जाहीर केलं, आणि त्याच संध्याकाळी मुलानं सगळ्या जगासमोर सांगितलं की मी असा करार केलेलाच नाही. संघानं त्याच्यावर खर्च केला होता, त्यामुळं सगळे म्हणाले, कृतघ्न आहे. महिन्याभरात मंडळानं एकमतानं निकाल दिला: वैध करार एकच, तो मॅक्लारेनशी ४ जुलैला झालेला. अल्पाइननं नुसतं तोंडी आणि अर्ध्या कागदावर धरून ठेवलं होतं. आपल्याकडचे शेठ लोक करतात तसंच. ‘अरे घरचाच मुलगा आहेस, कागद कशाला?’ आणि पोरगा गेला की ‘मीठ खाऊन उलटला.’ वयानं मोठ्या साधकांनी हे जरा मनाला लावून घ्यावं. कागद वेळेवर न करणं हासुद्धा कराराचा अनादरच आहे.

संघ शब्द मोडतो तेव्हा त्यालाही सोडू नये. २०१५ मध्ये साउबर संघानं करार असताना डच चालक गीडो व्हान डर गार्डेला गाडी दिली नाही. तो ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि शर्यतीच्या आठवड्यातच जिंकला. शेवटी पैसे घेऊन त्यानं हक्क सोडला, फॉर्म्युला वनची शर्यत मात्र पुन्हा पळाला नाही.

*आपला कायदा काय म्हणतो*

पुण्याच्या मुलासाठी एवढं सांगायलाच हवं. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे. त्याच्या कलम २७ प्रमाणे कुणाला कायदेशीर कामधंदा करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्द धरला जातो. नोकरी करायला बळजबरीनं बसवून ठेवता येत नाही. पण म्हणून बाँड हा रद्दीचा कागद आहे असं समजू नका. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. किमान तीन वर्षं नोकरी करीन, नाहीतर दोन लाख भरीन, असं लिहून दिलेलं. २००७ मध्ये तो लागला, २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, दोन लाख भरले आणि मग त्या अटीलाच आव्हान दिलं. मे २०२५ मध्ये निकाल लागला: अट योग्य आहे. असा बाँड माणसाला पुढची नोकरी करण्यापासून अडवत नाही, फक्त मुदतीआधी गेल्यास ठरलेली किंमत मागतो.

म्हणजे कायदा आणि शर्यतवाले एकाच ठिकाणी येऊन थांबतात. जायला कुणी अडवणार नाही, किंमत भरून जा. व्यवहार इथं संपतो. साधकाचा हिशेब मात्र इथून पुढं सुरू होतो, कारण मोरेनोची किंमत कुठल्याच कलमात लिहिलेली नाही. तो हिशेब कसा करायचा याचा दाखला आपल्या गावाशीच जोडलेला आहे.

*मोहनेच्या संगमावरची छत्री*

गावाबाहेर तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ राजाची छत्री आहे, सहलीला आपण सगळेच गेलोय. ती मिर्झाराजे जयसिंहांची. १६६७ मध्ये त्यांचा शेवट इथं, बऱ्हाणपुरात झाला. पोरं तिथं फोटो काढतात. त्या छत्रीमागं एका जामिनाची गोष्ट आहे.

१६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले, ते करारातच होतं आणि त्यांनी ते पाळलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात महाराज आग्र्याला गेले ते जयसिंहांच्या शब्दावर, की जिवाला धोका होणार नाही. जयसिंह स्वतः दख्खनमध्ये होते, आग्र्यात त्यांचा मुलगा रामसिंह होता. दरबारात काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. महाराजांच्या जिवावर बेतलं तेव्हा रामसिंह आडवा उभा राहिला: ते माझ्या वडिलांच्या वचनावर आलेत, आधी मला मारा. मग बादशहानं त्याच्याकडून लेखी जामीन घेतला. शिवाजी पळाला तर जबाबदार तू.

आता महाराजांची स्थिती बघा. त्यांचं ध्येय कुणाच्याही नोकरीपेक्षा, कुठल्याही खुर्चीपेक्षा मोठं होतं. समोरचा पक्ष वचनाला जागत नव्हता. निसटून जाणं धर्माचंच होतं, यात मला तरी शंका नाही. तरीसुद्धा मध्ये एक तरुण माणूस अडकला होता, ज्यानं चांगुलपणानं सही केली होती.

त्या काळी आग्र्याहून लिहिली गेलेली राजस्थानी पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत दिसतं की महाराजांनीच रामसिंहाला गळ घातली, तुमचा जामीन परत घ्या, माझं काय करायचं ते बादशहा बघेल. स्वतःवरचं एकमेव संरक्षण दूर करायला सांगणं साधं नाही. सुटकेची वाट अजून दिसत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. निघाले ते नंतर, १७ ऑगस्ट १६६६ ला.

रामसिंहाला त्रास झालाच. त्याची मनसब गेली, दरबारात यायची बंदी झाली. जयसिंहांवरही बादशहाची मर्जी उरली नाही, दख्खनमधून त्यांना परत बोलावलं आणि त्या परतीच्या वाटेवर आपलं गाव लागलं. म्हणजे सगळी काळजी घेऊनही तिसऱ्या माणसाला झळ बसली. जगात असं होतं. पण जाण्याआधी त्याची सही मोकळी करायचा प्रयत्न करणं आणि त्याचा विचारही मनात न येणं, या दोन्हींत मोठं अंतर आहे. शूमाकरच्या आणि मोरेनोच्या गोष्टीत तो मधला माणूस कुणाला आठवलाच नाही.

आपल्या तीन घरांकडे या नजरेनं पाहू. पुण्याच्या मुलानं जावं, जरूर जावं. पण नोकरी लावून देताना कुणी ओळखीच्यानं तुझ्यासाठी शब्द टाकला असेल, तर आधी त्याला जाऊन सांग. अर्धवट काम कुणाच्या टेबलावर पडणार ते बघ. नोटीसची मुदत पूर्ण कर, बाँडचे पैसे घासाघीस न करता भर. आणि दोन्हीकडचे कागद खिशात ठेवून शेवटच्या दिवसापर्यंत दोघांनाही झुलवत ठेवू नकोस. अमेरिकेच्या इंडिकार शर्यतीतला अलेक्स पालौ हा स्पॅनिश चालक याच घोळात सापडला. चार वेळा विजेता झाला, २०२५ ची इंडियानापोलिस ५०० सुद्धा जिंकला, पण मॅक्लारेनला दिलेली सही मोडल्यामुळं लंडनच्या कोर्टात उभं राहावं लागलं. करार मोडल्याचं त्यानं नाकारलंही नाही, वाद फक्त किती भरायचं याचा होता.

केळीवाल्या दादांचं सोपं आहे आणि म्हणूनच कठीण. भाव उतरला असता तर व्यापाऱ्यानं ठरल्या भावानंच माल उचलावा, असंच त्यांनी म्हटलं असतं ना? आणि त्या सौद्यावर व्यापाऱ्यानं गाडी सांगितलेली असते, कटाईची माणसं सांगितलेली असतात. त्या माणसांची त्या दिवसाची मजुरी कुठल्याच सौद्यात लिहिलेली नसते.

लूमच्या कारागिराबद्दल लिहिताना हात थांबतो. उचल बुडवणं वाईटच. पण ती उचल कुठल्या गरजेपोटी घेतली होती, आणि फेडता यावी इतकी मजुरी त्याला मिळत होती का, हे मालकसाधकांनी स्वतःला विचारल्याशिवाय त्याला बेइमान म्हणू नये. ज्या करारातून माणूस कधी बाहेरच पडू शकत नाही, तो मला करार वाटत नाही.

*या आठवड्याचा गृहपाठ*

रात्रीच्या प्रार्थनेनंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून बोलायचं. आपल्या घरात सध्या कुणाचा शब्द कुणाकडे अडकलेला आहे? त्यात जामीन म्हणून, ओळख म्हणून, मध्यस्थ म्हणून कोण उभं आहे? आणि बिभीषण रावणाला भर सभेत तोंडावर सांगून गेला, कर्ण मात्र दुर्योधनाला सोडून गेला नाही. दोघांपैकी कुणाचं वागणं तुम्हाला पटतं, आणि का? बालसाधकांनी हाच शेवटचा प्रश्न घ्यावा, पाच-सहा ओळी पुरेत.

उत्तरं रविवारपर्यंत आपापल्या गटप्रमुखांकडे लिहून पाठवा. लांब व्हॉइस मेसेज नकोत. उत्तरात कंपनीचं, शेठचं किंवा कुठल्या नातेवाइकाचं नाव घालू नका. पुढच्या महिन्यात छत्रीकडे जाणारी सहल ठरली की वेळ गटावर कळवू, डबे घरूनच आणायचे आहेत. 🙏